रामकुंडावर कबूल केलेला प्रबंध

माणूस जातं तेव्हा त्याच्याबरोबर एक अख्खं जग जातं.

शैला, तुझ्या शोकसभेत हे वाक्य प्राचार्यांनी म्हटलं, उपप्राचार्यांनी म्हटलं, आणि ज्यांनी तुला कधी जवळून पाहिलंही नव्हतं त्या संस्थेच्या चिटणिसांनी तर दोनदा म्हटलं. मान खाली घालून ऐकावं असंच वाक्य आहे. अडचण एवढीच की तुझं जग कॉलेजच्या संगणक कक्षातल्या कोपऱ्यातल्या मशीनवर आहे आणि त्याचा पासवर्ड फक्त तुला ठाऊक होता. म्हणजे ते गेलेलं नाही. तिथेच आहे. आम्हाला उघडता येत नाही.

प्रयत्न केले. तुझ्या मुलाचं नाव टाकलं, नवऱ्याचं म्हणून श्रीकांतरावांचं टाकलं, तुझं माहेर म्हणून सायखेडा टाकलं. शेवटी 'महाराज'सुद्धा टाकून पाहिलं. पडदा दर वेळी एकच सांगतो, पुन्हा प्रयत्न करा. इतकं उत्तेजन देणारं शोकसभेत कुणीच बोललं नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगावं लागेल. तेवढा वेळ तू दुसरीकडे बघ. आपण दोघी नव्वदच्या दशकात एकाच वर्षी बी.एड. झालो आणि पुढे नाशिकच्या एकाच कॉलेजात भावी शिक्षकांना शिकवायला लागलो. मी शैक्षणिक संख्याशास्त्र, तू शैक्षणिक तंत्रविज्ञान. तेव्हाचं तंत्रविज्ञान म्हणजे तक्ते, फ्लॅनेलचा फळा आणि एक प्रोजेक्टर, जो बल्ब उडेल या भीतीने कधी लावला जात नसे. मग कॉलेजात पहिला संगणक आला. त्याला हार घातला, नारळ मात्र पाणी उडेल म्हणून व्हरांड्यात फोडला, आणि दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी लागली. पुढे कितीतरी दिवस त्या खोलीत शिरणारं माणूस गाभाऱ्यात गेल्यासारखं हळू बोलायचं. सगळे विचारत होते, याला काय काय येतं. तू खुर्ची ओढून बसलीस आणि मोठ्याने म्हणालीस, "कुंदे, यात पोरं काय करतील गं?"

दोन हजार साल उलटल्यावर तू पीएच.डी.ला नाव घातलंस, ते याच प्रश्नावर. इंजिनिअरिंगच्या काही मुलांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी संगणकात एक गाव बांधलं होतं. टेकडी, उतार, ओढा, बंधारा, वरच्या आळीत एक विहीर, खालच्या आळीत एक. मुलाने पडद्यावर आपला म्हणून माणसाचा एक पुतळा निवडायचा, बाणांच्या कळा दाबून त्याला गावभर फिरवायचं, वाटेत भेटतील त्या माणसांना प्रश्न टाइप करून विचारायचे, आणि वरची विहीर खालच्या विहिरीआधी का आटते ते शोधून काढायचं. सहावीच्या भूगोलातलाच मजकूर. पुस्तकात तो परिच्छेद होता, इथे त्यातून चालता येत होतं. तुझा प्रश्न असा की या खोट्या गावात फिरून मूल खरं काही शिकतं का, आणि शिकत असेल तर ते आपल्याला कळणार कसं. प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाला चर्चासत्रांत टाळ्या मिळायच्या. दुसऱ्या अर्ध्याने तुझी पुढची सगळी वर्षं खाल्ली.

तुझे मार्गदर्शक डोळे मिटून बोलत, म्हणून आपण त्यांना महाराज म्हणायचो. महाराजांना उत्तर आधीच माहीत होतं. दोन तुकड्या घ्यायच्या. एकीला संगणकातलं गाव, दुसरीला खडू-फळा. आधी चाचणी, नंतर चाचणी, आणि मग "कुंदाबाई टी-मूल्य काढून देतील." दोन गटांच्या सरासरीतला फरक योगायोगाने पडलाय की खरोखरचा आहे, हे सांगणारी ती संख्या. जिल्ह्यातले निम्मे प्रबंध माझ्या कॅल्क्युलेटरखालून गेलेले. मला या योजनेत काही वावगं वाटलं नाही. आजही वाटत नाही. आपलं भांडण तिथूनच सुरू होतं.

घोटीच्या शाळेत सहावीच्या दोन तुकड्या होत्या आणि कुणीतरी देणगी दिलेले थोडे संगणक. अ तुकडी गावात फिरणार, ब तुकडी तोच धडा बाकावर बसून शिकणार. ब तुकडीच्या खैरनार बाईंना तू अगदी नीट समजावून सांगितलंस की तुमचा वर्ग तुलनेसाठी आहे, नेहमीसारखं शिकवा, वेगळं काही करू नका. बाईंनी मान डोलावली. त्यांनी त्याचा एकच अर्थ लावला की नाशिकच्या मॅडम आपला वर्ग हरवायला आल्यात.

दोन्ही चाचण्या झाल्या. मी टी-मूल्य काढलं. फरक नाही. दोन्ही तुकड्या सारख्याच पुढे गेलेल्या. हे कसं, म्हणून आपण घोटीला गेलो, तर ब तुकडीच्या वह्यांत बंधाऱ्याची चित्रं. चिखलाचे डाग पडलेली.

"बाई, मी म्हटलं होतं ना, नेहमीसारखं शिकवा?"

"नेहमीसारखंच शिकवलं की, मॅडम."

"मग मुलं बंधाऱ्यावर कशी गेली?"

"ते शाळेच्या आधी. शाळेच्या टायमात नाय नेलं." बाई जरा दुखावल्याच. "दोन्ही विहिरींवर नेलं, दोरीला दगड बांधून पाणी मोजलं. तिकडं अ वाले कंप्युटरवर बसणार, अन् आमची पोरं काय भिंतीकडं बघत बसतील?"

मुख्याध्यापक मध्ये पडले. "मॅडम, ब तुकडी पण आपलीच हाय. उद्या कोणी म्हणायला नको, घोटीची पोरं कमी पडली." आणि चहा मागवला.

परतीच्या एसटीत मी चिडून बोलत होते. तुलनेचा वर्गच बाटला, सगळा प्रयोग पाण्यात गेला, पुन्हा पहिल्यापासून करायला हवं. तू खिडकीशी बसून हसत होतीस.

"अगं, आपण खोट्या गावाची तुलना खडू-फळ्याशी करायला निघालो होतो. बाईंनी ती खऱ्या गावाशी करून दिली."

"आणि फरक नाही आला."

"नाही ना आला! म्हणजे बघ."

"काय बघू? फरक दिसला नाही म्हणजे दोन्ही सारखे, हे सिद्ध होत नाही. पहिल्याच वर्षाला शिकवते मी हे."

"तू शिकव. मी भजी घेते," असं म्हणून वाडीवऱ्ह्याच्या थांब्यावर तू खिडकीतून हात बाहेर काढलास.

महाराजांची दुसरी श्रद्धा संगणकाच्या नोंदींवर होती. कुठला पुतळा कधी कुठे गेला, कुणाशी बोलला, किती वेळ उभा राहिला, हे सगळं संगणक आपोआप टिपून ठेवायचा. छापील नोंदींचा गठ्ठा पाहून त्यांनी निष्कर्ष काढला की सगळ्या विद्यार्थ्यांचा रस रोज अकराच्या सुमाराला एकदमच संपतो. बालकांच्या अवधानाची मर्यादा, यावर स्वतंत्र प्रकरण होईल, असं ते म्हणाले.

तू म्हणालीस, "सर, तेव्हा लाइट जातात."

महाराजांनी डोळे उघडले. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला तेव्हा कळलं.

नोंदींची दुसरी गंमत अशी की त्यांत 'विद्यार्थी सात' म्हणून जो कोणी होता, तो एक नव्हताच. संगणक कमी, मुलं जास्त. एकाच्या हातात माउस, दुसरीच्या हातात त्या पहिल्याचं मनगट, आणि तिसरा मागून ओरडतोय, "अरे डावीकडं, डावीकडं, आंधळा हाय का?" विद्यार्थी सात ओढ्यापर्यंत पोचला, हे खरं. पण शिकलं कोण? माउस धरणारा, मनगट धरणारी की ओरडणारा? मी म्हटलं, तिघांना वेगळं बसव आणि वेगळं मोज. तू म्हणालीस, वेगळं बसवलं तर ते शिकणंच उरणार नाही, मी मोजू काय? म्हणून तू एक स्टूल घेतलंस, टेपरेकॉर्डर घेतलास, आणि त्यांच्या मागे बसून ऐकायला लागलीस. त्यानंतर तुझी पीएच.डी. कधी संपणार हे विचारणं लोकांनी हळूहळू सोडून दिलं.

पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक मूल त्या गावात आपलं घर शोधत फिरलं. विहीर राहिली बाजूला. महाराजांच्या कोष्टकात याला 'कार्यबाह्य वर्तन' असं नाव होतं. तू त्यावर काट मारून 'घर शोधणं' असा रकाना केलास. मी विचारलं, "याचे गुण किती?" तू म्हणालीस, "तुला घर सापडत नसतं तर तू किती दिले असतेस?" मला अजूनही हे उत्तर वाटत नाही.

सगळ्यांत जास्त फिरली ती हिरा. पाड्यावरून यायची, बोलायची कमी. शेवटी ती विहिरीजवळ उभ्या असलेल्या म्हातारीच्या पुतळ्यापुढे थांबली आणि शेजारणीला टाइप करायला लावलं, तुझं पाणी कोण भरतं? इंजिनिअरिंगच्या मुलांनी म्हातारीला हे शिकवलं नव्हतं. ती म्हणाली, मला विहिरीबद्दल विचार. हिराने परत तेच विचारलं. म्हातारीने परत तेच सांगितलं.

"हिला कायच ठाव नाय," हिरा म्हणाली. "ही पाण्याला जातच नाय कधी."

"मग विहीर कशी आटली, तू सांग ना," शेजारीण म्हणाली.

आणि हिरा म्हणाली, "हं."

एवढं टेपवर आहे. तुझ्या निरीक्षणांवर कुणी विश्वास ठेवायचा तर दोन माणसांनी त्या टेप वेगवेगळ्या ऐकून प्रत्येक बोलण्याला रकाना द्यायला हवा, आणि दोघांचं जुळायला हवं. जुळलं तर ते निरीक्षण, नाही जुळलं तर ते तुझं मत. ही अट मी घातली होती, आणि दुसरं माणूसही मीच. तुझ्या गंगापूर रोडच्या घरी एका थंडीतल्या रविवारी आपण ते करत बसलो. त्या 'हं'पुढे तू लिहिलंस, 'समजायला लागली'. मी लिहिलं, 'कंटाळा'.

"परत लाव."

"टेप झिजेल शैले."

"ऐक, ऐक. शेवटी आवाज वर गेलाय."

"सर्दी आहे तिला."

"कुंदे, तुला मुलं आवडतच नाहीत का गं?"

"सरासरीने आवडतात."

श्रीकांतराव चहा घेऊन आले, तर तू त्यांनाही ऐकवलंस. त्यांनी कपबशी हातात धरून लक्षपूर्वक ऐकलं आणि म्हणाले, "भूक लागली असेल तिला." म्हणजे आता तिसरा रकाना. त्या संध्याकाळी आपण दोघी घसा बसेपर्यंत भांडलो, आणि ते 'हं' तसंच राहिलं. कागदावर तू त्याच्यापुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलंस. नंतर बघू, म्हणालीस.

मग तुझं दुखणं निघालं.

डॉक्टर आले, टक्के सांगून गेले. इतक्यांपैकी इतके, इतक्या वर्षांत. तू माझ्याकडे वळलीस. "संख्याशास्त्र शिकवतेस ना? मग सांग. याचा माझ्यासाठी अर्थ काय?"

मी म्हटलं, "तो आकडा गटाचा आहे. एकट्या माणसाबद्दल तो काही सांगत नाही."

तू इतकी हसलीस की नर्स धावत आली. "बाई गं! इतकी वर्षं मी दुसरं काय म्हणत होते? हिराबद्दल बोलले की म्हणायचीस, एक मूल म्हणजे पुरावा नव्हे."

"नव्हेच."

"आणि मी?"

मी मोसंबी सोलली. तू खाल्ली नाहीस. ती मीच खाल्ली, कारण सोललेल्या मोसंबीचं दुसरं काय करतात हे मला सुचेना.

शेवटच्या आठवड्यात तू बोलणं सोडलंस. मी रोज संध्याकाळी यायची. "दुखतंय का?" तू म्हणायचीस, "हं." "पाणी देऊ?" "हं." "श्रीकांतरावांना बोलावू?" "हं." शैला, मी उशाशी स्टुलावर बसून तो आवाज वर जातोय की खाली, हे कान देऊन ऐकत होते. वर गेल्यासारखा वाटला की हो धरायची, चमच्याने पाणी द्यायची, आणि ते ओठांच्या कडेने खाली यायचं. म्हणजे नाही होतं का ते? की हो होतं आणि गिळता येत नव्हतं? जुळवून पाहायला दुसरं माणूस लागतं. इतकी वर्षं ते दुसरं माणूस तू होतीस. इतका निरुपयोगी अनुभव मला कुठल्या विषयात आला नव्हता. माझ्या हाताशी सगळी साधनं होती, वेळ होता, मी तुझ्यापासून हातभर अंतरावर होते, आणि तुला काय हवंय ते मला कळत नव्हतं.

दहाव्याला रामकुंडावर गेलो. पिंड मांडला. कावळे पलीकडे भिंतीवर बसलेले. ते तिथलेच, त्यांना रोजची सवय. पण एकही खाली येईना. मग नेहमीप्रमाणे गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा शोधणं सुरू झालं. तुझ्या सासूबाईंना जपू, असं कुणी म्हणालं. कावळा हलला नाही. मुलाचं लग्न थाटात करू. नाही. तुझ्या जाऊबाईंनी सांगितलं की देवघर बदलायचं होतं तिला, ते बदलू. तुला देवघर बदलायचं होतं हे मला नवीन होतं, कावळ्यालाही असावं. ऊन चढायला लागलं. गुरुजी घड्याळ पाहत होते. तेव्हा श्रीकांतराव पुढे झाले. म्हणाले, "शैला, तुझी पीएच.डी. पूर्ण करू. कुंदाताई पूर्ण करतील."

आणि कावळा शिवला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार होते? एक कावळा, एक पिंड, तुलनेला दुसरा गट नाही. शिवाय नेमकं त्याच वेळी शेजारचं कुटुंब आटोपून उठलं होतं आणि वाट मोकळी झाली होती, ही बाब कुणी नोंदवली नाही. यावरून कुठलाही निष्कर्ष निघत नाही, हे मी कुठल्याही परीक्षेत सांगितलं असतं. तिथे मात्र हात जोडले आणि "करते" म्हणाले.

दोन दिवसांनी महाराजांकडे गेले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. बोलताना त्यांनी डोळे उघडे ठेवले. म्हणाले, "प्रबंध जवळजवळ तयार आहे. निरीक्षणांची प्रकरणं काढून टाका. ती व्यक्तिनिष्ठ आहेत, आणि ती व्यक्ती आता..." इथे ते थांबले. "दोन गट, दोन चाचण्या, टी-मूल्य. महिन्याभरात बांधून देता येईल. आपल्या शैलाबाईंना पदवी मिळेल."

"आणि निष्कर्ष?"

"सार्थ फरक आढळला नाही. तोही निष्कर्षच असतो."

असतो. मीच शिकवते ते. म्हणजे तुझ्या नावाने एक प्रबंध निघेल, आणि त्यात लिहिलेलं असेल की संगणकातल्या गावात फिरून मुलांमध्ये काही फरक पडला नाही. खैरनार बाईंची विहिरीवरची सहल त्यात नसेल, कारण ती प्रयोगातली चूक. तीन डोकी आणि एक माउस नसेल. घर शोधणं नसेल. हिरा एका सरासरीत बसलेली असेल. तुला पदवी मिळवून द्यायची तर तू जे पाहिलंस ते काढून टाकायचं. आणि ते ठेवायचं म्हटलं तर माझ्याशिवाय ते पुरं करणारं कुणी नाही, आणि मला ते येत नाही.

प्रयत्न करून पाहिला. तुझ्या टेप घेऊन बसले. तुझे रकाने आहेत: 'थांबणं', 'वाट बघणं', 'हातावर हात', 'मुद्दाम चुकणं'. थांबणं आणि वाट बघणं यांत फरक काय? टेपवर दोन्ही शांतताच आहे. तुला त्यांच्या पाठी दिसत होत्या, खांदे दिसत होते. वाद घालताना मी तुला नेहमी म्हणायची, दुसऱ्याला शिकवता येते ती पद्धत, नाहीतर ती नुसती तू. वाद जिंकायला बरं वाक्य होतं.

मग घोटीलाही जाऊन आले. एका वर्गाच्या मागे स्टूल टाकून बसले. ते गाव नव्हतंच, मुलं चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये रंग ओतत होती, पण म्हटलं बघू तरी, तुला बसून काय दिसायचं. मला डोकी दिसली. तेल लावलेली, न लावलेली. एक मुलगा दुसऱ्याच्या हातातून माउस घेत होता. ते शिकणं होतं की दांडगाई, मला सांगता येणार नाही. पण इतकं खरं की तासभर मी मुलांकडे पाहत होते, आणि त्या तासात मी मनात एकदाही बेरीज केली नाही. हे तुझ्यामुळे झालं. याबद्दल तुझे आभार मानायचे तर ते आता कुठे पोचवायचे?

खैरनार बाई भेटल्या. तू गेल्याचं ऐकून त्या पदराने डोळे पुसत राहिल्या. "लय चांगल्या व्हत्या मॅडम. मला कधी बोलल्या नाय त्या बंधाऱ्यावरून." मग जरा वेळाने म्हणाल्या, "आता परत चाचणी हाय का? आधी सांगा म्हणजे तयारी करून घेते."

मी हिराबद्दल विचारलं.

"अ तुकडीची ना ती? सातवीनंतर शाळा सुटली तिची. घरचे द्राक्षाच्या कामाला निफाडकडं गेले."

"हुशार होती का हो?"

बाईंनी खरोखर विचार केला. "काय सांगावं मॅडम. बोलायची कुठं? कळलं तरी हं, नाय कळलं तरी हं."

मध्यंतरी तुझ्या घरी गेले होते. श्रीकांतरावांनी तुझा फोटो मोठा करून आणलाय, कॉलेजच्या गॅदरिंगमधला, हिरव्या साडीतला. खाली नाव आहे. नावाच्या डाव्या बाजूला थोडी जागा मोकळी दिसली. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "तेवढं 'डॉ.' नंतर घालून देतो म्हणालाय फ्रेमवाला. घाई नाही, कुंदाताई. तुम्ही सावकाश करा." चहा त्यांनी स्वतः केला होता, साखर विसरून. मी पिऊन टाकला. या माणसाला मी कोणता प्रबंध समजावून सांगू? त्यांना तू काय शोधत होतीस ते ठाऊक नाही. तू ते शोधताना खूश असायचीस, एवढं ठाऊक आहे. कदाचित तेवढंच निरीक्षण आपल्या तिघांचंही जुळेल.

तू असतीस तर काय म्हणाली असतीस, ते मला माहीत असल्यासारखं सगळे मला विचारतात. 'शैलाताईंना हेच आवडलं असतं', असं प्राचार्य म्हणाले, तेही अजून काही ठरलेलं नसताना. मला माहीत नाही. तू कधी म्हणायचीस, पदवी गेली खड्ड्यात. आणि कधी आरशासमोर उभी राहून "डॉक्टर शैला" असं म्हणून पाहायचीस. हे मी पाहिलंय, आणि तू मला पाहिलंस तेव्हा लाजली होतीस. यातली कुठली शैला धरायची? दोन्हींची सरासरी काढता येत नाही.

म्हणून शेवटी मी दोन्ही बांधून घेतले. एक महाराजांचा, पातळ, सार्थ फरक नसलेला. एक तुझा, जाडजूड, अर्धा तू आधीच छापून ठेवलेल्या पानांचा, अर्धा तुझ्या अक्षरात, शेवटचं प्रकरण नसलेला, आणि त्या एका 'हं'पुढे पेन्सिलचं प्रश्नचिन्ह तसंच ठेवलेला. दोन्ही पिशवीत घालून विद्यापीठात गेले. गाडीत ठरवीन म्हटलं होतं. गाडीत ठरलं नाही. रांगेत ठरवीन म्हटलं. रांग छोटी निघाली. खिडकीपाशी पोचले तेव्हा माझा एक हात पातळ प्रबंधावर होता आणि एक जाड प्रबंधावर, आणि मला खरंच रडू येत होतं.

खिडकीतल्या गृहस्थांनी वर पाहिलं. "उमेदवार आपण?"

"नाही. माझी मैत्रीण. ती वारली."

"अरेरे." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग मौखिकीला कोण येणार?"

"म्हणजे?"

"मौखिक परीक्षेला उमेदवार स्वतः लागतो, मॅडम. प्रतिनिधी चालत नाही. त्याशिवाय प्रबंध दाखलच करून घेता येत नाही."

"यातला कुठलाच?"

त्यांनी माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "कुठलाच."

मी विचारलं, अशा प्रसंगासाठी नियमांत काहीतरी तरतूद असेलच ना. माणूस भला होता. त्याने नियमांची पुस्तिका काढली, चष्मा लावला, पानं उलटली आणि मृत्यूचा उल्लेख असलेलं एकमेव कलम मला वाचून दाखवलं. मृत्यूच्या कारणास्तव, दाखला जोडल्यास, उमेदवारास सहा महिन्यांची मुदतवाढ मिळते. ती एकदाच मिळते.